घासलेले पाय

"चार वाजले. पाय घासायला बसा आता," बस्त्यावची बायको कातरीन मागच्या दारातून तिसऱ्यांदा म्हणाली. तिच्या हातात वजरी होती आणि पायरीवर कोमट पाण्याची बादली.

बस्त्यावने कुंपणाच्या गडग्यातला एक जांभ्याचा धोंडा उपसला, पोटाशी धरला, दोन हात मागे आपल्या आवारात आणला आणि नव्या ओळीवर बसवला. मग पुढचा. सोमवारपासून हेच चाललं होतं. साठीला आलेल्या माणसाने करायचं हे काम नव्हे. पण बस्त्याव एकदा हट्टाला पेटला की त्याला कोणी आवरावं? त्या हट्टानेच तर हे सगळं होऊन बसलं होतं.

आज पवित्र गुरुवार. प्रभूने शिष्यांचे पाय धुतले, त्याची आठवण म्हणून संध्याकाळच्या मिस्सेत, म्हणजे सामुदायिक प्रार्थनेत, फादर बारा जणांचे पाय धुतात. बस्त्यावची खुर्ची पहिली, म्हणजे प्रभूचा पहिला शिष्य पेत्र याची. गेली वीस वर्षं ती त्याचीच. आता फादरच्या हातात मळके पाय कसे द्यायचे? म्हणून बाराही जण घरूनच पाय घासून येतात. एकदोघे खोबरेलही लावतात. फादर स्वच्छ पाय धुतात, परातीतलं पाणी जसंच्या तसं नितळ राहतं आणि सगळे धन्य होतात.

गेल्या वर्षी मात्र बस्त्याव त्या नितळ पाण्याकडे बघत राहिला आणि त्याला लाज वाटली. धुण्यासारखं जे होतं ते त्याने कधी चर्चमध्ये आणलंच नव्हतं.

सत्तर सालच्या पावसात हा गडगा ढासळला, तेव्हा धाकटा भाऊ इनास बोटीवर होता. नवा गडगा घालताना बस्त्यावने तो दोन हात पुढे सरकवला आणि इनासच्या वाट्याचा फणस आपल्या आवारात घेतला. इनास परत आला, भांडला. चार मंडळी जमली. बस्त्यावने बायबलवर हात ठेवून सांगितलं, गडगा होता तिथंच आहे. पेत्राच्या खुर्चीवर बसणारा माणूस खोटं कशाला बोलेल? सगळ्यांनी इनासलाच खोटा ठरवला. त्यानंतर चौदा वर्षांत इनास भावाशी बोलला नाही आणि चर्चची पायरीही चढला नाही.

आता तो पलीकडे आपल्या पडवीत बसून चार दिवस हे सगळं बघत होता.

"अवो, पाच वाजून गेले," कातरीन गडग्यापाशी आली. तिचा आवाज उतरला होता. "गडगा काय तो लावा. पण पाय तरी धुवा. असे गेलात तर लोक इचारतील, ही माती कसली."

"इचारू देत," बस्त्याव म्हणाला. "पाय धुतले तर कोण इचारणार हाय?"

साडेपाचला त्याने कंबर सरळ केली. पाच-सहा हात गडगा अजून जुन्याच जागी होता. तो पुरा करून मगच खुर्चीवर बसायचं, असं त्याने मनाशी ठरवलं होतं. ते काही झालं नाही. त्याला फार वाईट वाटलं, पण तो थांबला नाही. त्याने धुतलेला सदरा अंगात घातला आणि तसाच निघाला. घोट्यापर्यंत पाय लाल. नखांत माती, भेगांत माती.

चर्चमध्ये दहा घासलेले पायजोड आधीच ओळीने बसायला निघाले होते. बस्त्याव पहिल्या खुर्चीपाशी गेलाच नाही. त्याने बाकीच्यांना एकेक खुर्ची पुढे सरकायला सांगितलं आणि तो अकराव्या खुर्चीवर बसला. बारावी रिकामी होती. तिथं बसणारा माणूस खेडहून यायचा होता, पण त्याची एसटी चुकली असावी.

चर्चची व्यवस्था बघणारा सांतान धावत आला. "बस्त्याव, हे काय? इहिरीवर जा आनि पाय धुऊन ये."

"फादर धुतील. त्याच्यासाठीच बसवतात ना?"

"पन येवडी माती आनलीस कुठून?"

बस्त्याव उभा राहिला. मागच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात तो म्हणाला, "इनासच्या फणसाखालची हाय. गडगा मी सरकवला होता. माझा भाव खरा बोलत होता."

कातरीनने पदराआड तोंड लपवलं. सांतान खाली बघून निघून गेला. बस्त्याव बसला. चौदा वर्षांत पहिल्यांदाच त्याला मोकळा श्वास घेता आला.

मिस्सा सुरू झाली. पाय धुण्याची वेळ आली तसे फादर एकेक खुर्ची करत अकराव्या खुर्चीपुढे गुडघ्यांवर बसले. तांब्यातलं पाणी पडलं आणि परात लाल झाली. फादरनी दोनदा पाणी बदललं. एकेक बोट चोळून धुतलं.

बारावी खुर्ची रिकामीच होती. फादर उठू लागले, तेवढ्यात दाराशी चाहूल लागली. इनास मधल्या वाटेने आत आला. इकडेतिकडे न बघता तो बाराव्या खुर्चीवर बसला आणि त्याने पाय पुढे केले. तेही घोट्यापर्यंत लाल होते.

बस्त्यावने ते पाय पाहिले. आपण निघाल्यावर तो मागे काय करत होता, हे त्याला दिसल्यासारखं झालं.

"उरलेला गडगा तू लावलास?" त्याने हळूच विचारलं.

"नाय," इनास समोर बघत म्हणाला. "तू लावलेला काढायला घेतलाय. उरलेला दोघां मिळून काढू."