मनकवड्याचा नवा खेळ

नवऱ्याला लोकांच्या मनातलं खरोखरच ऐकू यायचं आणि तिथंच सगळं घोडं अडलं होतं. प्रेक्षकानं मनात पत्ता धरायचा अवकाश, हा ‘चौकट सत्ती’ म्हणून मोकळा. थिएटरच्या मालकानं शेवटी बजावलं, “असं धडाधड सांगतोस, लोकांना वाटतं माणसं पेरलीयत. उद्या काहीतरी नवं दाखव, नाहीतर गाशा गुंडाळ.”

बायकोनं तान्ह्या लेकीला खांद्यावर घेऊन त्याला नवा खेळ बसवून दिला. “आधी कपाळाला आठ्या घाल. बावचळून इकडंतिकडं बघ. एकदा साफ चुकीचं सांग, घाम पूस, आणि मग कुठं खरं सांग.”

“जमेल का गं मला?”

“न जमायला काय झालं? जमवायलाच हवं.”

दुसऱ्या दिवशी त्यानं अडाणीपणा असा काही वठवला, की पहिल्या रांगेतल्या आजीबाईंनी कळवळून स्वतःच मनातला पत्ता सांगून टाकला. टाळ्या थांबेनात. मालकानं तिथल्या तिथं वर्षभराचं काम दिलं.

“अरे, एका दिवसात इतकं बेमालूम सोंग शिकलास कुठं?” विंगेत बायकोनं कौतुकानं विचारलं.

तेवढ्यात लेकीनं भोकाड पसरलं. त्याच्या कपाळाला लगेच आठ्या पडल्या. “का रडतेय गं ही? मला तर काहीच कळत नाही बुवा. तूच बघ ना, रोजच्यासारखं.”

बायको त्याच्याकडे बघत राहिली. तोंडातून तिनं शब्द काढला नाही, मनात मात्र एकच वाक्य म्हणाली.

तो दुधाची बाटली आणायला धावत सुटला.