भाव कुठल्या भागाचे

बर्नार्डने माहितीपत्रकाच्या मागच्या कोऱ्या जागेत दोन उभे रकाने आखले. एकावर लिहिलं ‘ठरावीक व्याज’, दुसऱ्यावर ‘घरांचे भाव’. चाळीस वर्षं यॉर्कशरमधल्या ओट्लीच्या शाळेत गणित शिकवलेला माणूस. कोरा कागद दिसला की त्याचे हात शिवशिवायचेच.

बचत संस्थेच्या त्या टेबलापलीकडे बेथनी नावाची तरुण कर्मचारी बसली होती. त्याच्या शेजारी त्याची बायको ग्लेनिस, मांडीवर पर्स घेऊन. वेल्समधलं आईचं घर विकून तिच्या वाट्याला ब्याण्णव हजार पौंड आले होते. ते कुठे ठेवायचे, एवढाच प्रश्न होता, आणि बर्नार्डच्या मते तो प्रश्नसुद्धा नव्हता.

त्याने बेथनीलाच समजावायला घेतलं. ठरावीक व्याजाच्या खात्यात वर्षाला साडेचार टक्के, डोक्याला ताप नाही. दुसरी ठेव घरांच्या भावांना बांधलेली. भाव दहा टक्क्यांनी चढले की ठेव दहा टक्क्यांनी चढणार, उतरले की तेवढीच उतरणार. ज्याला उद्या घर घ्यायचंय त्याने खुशाल ती घ्यावी.

"आमचं घर आहेच, कर्जही केव्हाच फिटलंय," तो म्हणाला. "हिला आकड्यांचं वावडं, म्हणून मी बरोबर आलो."

ग्लेनिसने आणलेल्या सामानाच्या पावतीची बेरीज तो दर वेळी पुन्हा करून बघायचा. ते त्याने सांगितलं नाही, पण बेथनीला कळायचं ते कळलंच असावं.

"मला दुसरी हवी," ग्लेनिस म्हणाली. "घरांच्या भावाची."

बर्नार्ड हसला. बेथनी हसली नाही, तिने फॉर्म पुढे ओढला. कुठल्या भागातल्या घरांचे भाव धरायचे, ते त्यात लिहायचं होतं. तिने विचारायच्या आत बर्नार्डने सांगून टाकलं, "यॉर्कशर. दुसरं काय?"

"वेल्स," ग्लेनिस म्हणाली.

आईच्या आठवणीने ही हळवी झाली असेल, असं त्याला वाटलं. तो समजुतीच्या सुरात म्हणाला, "अगं, आई गेली, घर गेलं. आता तिथे कोण आहे तुझं?"

"कोणी नाही. म्हणून तर."

पुढे घराचा प्रकार विचारला होता. "फ्लॅट," ग्लेनिस म्हणाली. "एका माणसापुरता."

बेथनी फॉर्ममध्ये डोकं घालून लिहीत राहिली. बर्नार्डच्या पायाखालची जमीन सरकली. हे कधीपासून, माझं काय चुकलं, असं त्याला विचारायचं होतं; तोंडातून निघालं ते भलतंच.

"आणि भाव पडले तर? पैसे बुडतील, ग्लेनिस."

"पडले तर फ्लॅटही तेवढाच स्वस्त होईल. चढले तर पैसेही चढतील. काही झालं तरी फ्लॅट माझ्या हातचा जात नाही."

त्याने चूक शोधली. सगळं मनात उलटसुलट करून पाहिलं, दोन्ही रकाने पुन्हा वाचले. चूक नव्हती. लग्नाच्या एक्केचाळीस वर्षांत असं पहिल्यांदाच होत होतं, आणि बर्नार्ड मनापासून घाबरला.

मग पत्रकातल्या एका ओळीवर त्याची नजर गेली: मुदत पाच वर्षं. त्याच्या जिवात जीव आला. पाच वर्षं काही थोडीथोडकी नव्हेत. तेवढ्यात माणूस बदलू शकतो. आजपासून तो एकाही पावतीला हात लावणार नव्हता, उद्या सकाळचा चहासुद्धा तोच करणार होता.

"पैसे पाच वर्षं अडकतात यात," तो जवळजवळ आनंदाने म्हणाला. "पाच वर्षं. हो ना?"

"एरवी हो," बेथनी त्याच्याकडे न बघता म्हणाली. "पण घर घेत असाल तर ठेव आधीही मोडता येते. दोन दिवसांत पैसे मिळतात."

ग्लेनिसने खुर्ची पुढे सरकवली.

"त्याला कागद कुठले लागतात?" तिने विचारलं.