घड्याळजींच्या शिंका

शिंकांचा सपाटा थांबला तेव्हा घड्याळजींच्या कपातला अर्धा चहा बशीत होता आणि उरलेला पँटवर.

"राहू द्या, मी पुसते," पोरीची आई म्हणाली. हसू दाबायचा तिनं खूप प्रयत्न केला, पण जमलं नाही. मग दोघंही हसली. खरं तर हसण्यासारखं त्यात काही नव्हतं.

दाराशी भोपळ्या बसून सगळा तमाशा बघत होता. नावाप्रमाणेच गोल, पिवळट, अंगभर केस. पोरीच्या बाबांनी त्याला पिल्लू असताना कोटाच्या खिशातून आणलं होतं. बाबा गेले, भोपळ्या राहिला. त्याला कुणाला देऊन टाकायचा विषय या घरात निघूच शकत नव्हता, आणि आपण तो कधी काढणार नाही हे घड्याळजींनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. लग्न करायचं तर भोपळ्यासकट. अडचण एवढीच, की कुत्र्याचं आणि त्यांच्या नाकाचं जन्माचं वैर.

"तुम्ही आरामात टेका, काका. मी दुसरा चहा आणते," पोरगी म्हणाली आणि त्यांच्या पाठीमागची उशी तिनं नीट करून दिली. शाळेत शिवण शिकल्यावर पहिली उशी तिनं काकांसाठी शिवली होती.

"माझ्याशी एवढ्या गोडीनं कधी बोलत नाही हो ही," आई कौतुकानं म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी सुरुवातीलाच सगळं समजावलं होतं. गोळ्या घेतल्या, नाकात फवारा मारला, तर तेवढ्यापुरतं बरं वाटेल. मुळालाच हात घालायचा तर इम्युनोथेरपी. म्हणजे कुत्र्याच्या अंगचं जे सोसत नाही, त्याचाच अगदी थोडा अंश टोचायचा आणि मात्रा हळूहळू वाढवत शरीराला त्याची सवय लावायची. कुठं कुठं जिभेखाली थेंबही देतात, पण त्या स्वतः इंजेक्शनच द्यायच्या.

"वर्षानुवर्षं चालतं हे. आणि कुत्र्याच्या बाबतीत गुण येईलच अशी हमी मी देत नाही," त्या म्हणाल्या होत्या. "एका कुत्र्यासाठी एवढा खटाटोप?"

"कुत्र्यासाठी कोण करतंय!" घड्याळजी बोलून गेले आणि कानापर्यंत लाल झाले.

तेव्हापासून ते दंड पुढं करत आले होते. आधी दर आठवड्याला, मग महिन्याला. टोचून झालं, की काही त्रास झाला तर डॉक्टर जवळ असाव्यात म्हणून बाहेरच्या बाकावर मुकाट बसून राहायचं, मग दुकान गाठायचं.

गुण येतही होता. डोळे चुरचुरायचे थांबले. छातीतली घरघर गेली. राहता राहिल्या शिंका, आणि त्या काही केल्या हटेनात. भोपळ्याच्या घरी जाऊन बसलं, की झालीच सुरुवात.

"कमाल आहे बाई," हातावरची चाचणी बघून डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "कातडी तर म्हणते सगळं ठीक आहे. मग नाकाला काय झालंय?"

"नाक आमच्या वडिलांवर गेलंय," घड्याळजी म्हणाले. "कुणाचं ऐकत नाही."

विनोद केला खरा, पण गोष्ट आता विनोदावारी नेण्यासारखी राहिली नव्हती. कारण पोरीच्या आईनं परवाच विषय काढला होता.

"मला तुमचे हाल बघवत नाहीत हो. जन्मभर असं शिंकत संसार करणार का? पोरीपासून भोपळ्याला तोडता येत नाही, आणि मला तुम्हाला आजारी पाडायचं नाही. या रविवारी काय ते ठरवून टाकू. नाहीच जमत, तर थांबू या."

"अजून थोडे दिवस," ते म्हणाले. ती कप उचलून आत गेली.

शनिवारी दुपारी डोळ्याला भिंग लावून घड्याळजी एका नाजूक घड्याळाशी झटत होते, तेवढ्यात पोरगी धापा टाकत दुकानात शिरली.

"काका, भोपळ्या उठत नाहीये! तोंडातून फेस येतोय! आई पोस्टात कामावर आहे, आणि मला..."

घड्याळ उघडंच टाकून ते धावत सुटले. अंगणात भोपळ्या आडवा पडला होता. शेजारच्यांनी उंदरांसाठी काहीतरी टाकलं होतं, ते यानं चाटूनपुसून खाल्लं होतं. घड्याळजींनी त्याला उचलून छातीशी धरलं. बाप रे, काय ते वजन! जनावरांच्या डॉक्टरकडे जाईपर्यंत त्यांच्या कॉलरमध्ये लाळ उतरली, नाकातोंडात केस गेले. पोरगी भोपळ्याचा पंजा धरून शेजारून पळत होती.

"मरणार नाही ना तो?"

"मी आहे ना! पळ तू, दार उघड जा."

डॉक्टरनी सगळं ओकवून काढलं, सुई दिली. तेवढा वेळ भोपळ्याचं डोकं घड्याळजींच्या मांडीवर होतं आणि ते त्याच्या कानात काहीबाही पुटपुटत होते. शेवटी त्याची शेपटी जरा हलली. "वेळेवर आणलंत," डॉक्टर म्हणाले. तेव्हा कुठं पोरीला रडू फुटलं. त्यांच्या केसाळलेल्या सदऱ्यात तोंड खुपसून ती हमसून हमसून रडली.

घरी पोचले तोवर पोरीची आई धावतपळत आली होती. तिनं आधी भोपळ्याला जवळ घेतलं, मग घड्याळजींकडे बघितलं आणि कपाळावर हात मारला.

"अहो, काय हा अवतार! गोळी तरी घेतली होती का? आता उद्यापर्यंत शिंकत बसाल!"

"शिंकायला सवड कुठं मिळाली!" ते हसून म्हणाले. कधी एकदा टेकतोय असं त्यांना झालं होतं. ते आपल्या नेहमीच्या खुर्चीकडे वळले, तर पोरगी दोन्ही हात पसरून आडवी उभी राहिली.

"तू नको ना तिथं बसूस, काका," ती रडवेल्या आवाजात म्हणाली. "त्या उशीत मी मिरपूड भरलीय."