शामान असल्याचा दाखला

१९९२ साली सैबेरियातल्या आमच्या याकुतियात देवांना सरकारची परवानगी मिळाली. आत्म्यांशी बोलणारे खरे शामान कोण, हे ठरवायला समिती नेमली गेली. अध्यक्ष झाला गव्रील. चाळीस वर्षांपूर्वी कम्युनिस्ट पार्टीचा माणूस म्हणून घरात शिरून माझ्या आगाफ्या मावशीचा डफ जप्त करणारा, तोच हा गव्रील.

मावशी ऐंशीची झाली होती. मरण्याआधी एकदा तो डफ वाजवायचा, एवढीच तिची इच्छा. मी तिला समितीपुढे नेलं.

"डफ संग्रहालयात आहे, पण तो फक्त शामानालाच परत देता येतो," असं म्हणत गव्रीलने जुनी फाइल उघडली. "आगाफ्याबाई, 'मी शामान नाही' या कागदावर तुमचा अंगठा आहे."

"मेल्या, तूच तर माझा हात धरून तो उठवला होतास!"

"म्हणूनच तो खात्रीचा आहे."

मावशी त्याच हिवाळ्यात गेली. गव्रीलला शामान असल्याचा पहिल्या क्रमांकाचा दाखला मिळाला. उन्हाळ्याच्या उत्सवात अग्नीला लोणी आता तोच वाहतो, मंत्र कागदावरून वाचतो. मी टाळ्या वाजवते. संग्रहालयात डफाखाली त्याच्या सहीची पाटी लागली आहे : 'थोर शामान आगाफ्या यांचा डफ. हात लावू नये.'