आज पहिल्यांदा

"शाळा? आता, दिवेलागणीला?" दुकानदाराने चष्म्यावरून आधी अपेक्षाकडे पाहिलं, मग तिच्या वडिलांकडे. "कुणाला घालायचंय, यांना?"

दारू सोडणाऱ्यांची सभा कुठे भरते, हे भर कसबा पेठेत विचारायला अपेक्षाची जीभ रेटत नव्हती. म्हणून ती शाळा विचारत होती. हिंजवडीच्या ऑफिसात, इंटरनेटवर तिला एवढंच सापडलं होतं. शाळेचं नाव, शनिवार, संध्याकाळ.

"पुण्यात पत्ता विचारू नये गं," बद्रीनाथ म्हणाले. "अपमान हवा असेल तरच विचारावा."

ते हसले. हात थरथरत होते, ते त्यांनी पँटच्या खिशात घातले. डोळ्यांत पिवळेपणा उतरला होता. डॉक्टरांनी अपेक्षाला बाजूला घेऊन सांगितलं होतं, आता सुटली तर ठीक, नाहीतर हे दिवाळी बघणार नाहीत.

आई गेली आणि बाबा दारूला लागले, असं सगळे नातेवाईक म्हणत. अपेक्षाही तेच म्हणायची. त्यात एक आधार होता. दुःख ओसरेल, मग दारूही ओसरेल. पण आईला जाऊन तीन वर्षं झाली. दुःख ओसरलं, माणूसही ओसरत चालला.

तांबटांच्या हातोड्या वाजत होत्या. एक ठोका पुढे, एक मागे. बाबांचं पाऊलही तसंच पडत होतं. अपेक्षा पुन्हा कुणाला तरी विचारणार, तोच ते डावीकडच्या बोळात वळले. तो बोळ तिला दिसलाही नव्हता.

शाळेच्या दारात ते थांबले.

"तू इथेच थांब. मी एकटा जातो आत."

"म्हणजे मागच्या दाराने निसटायला बरं?"

बोलून गेली आणि तिचं तिलाच लागलं. बाबांनी मान खाली घातली. "चल मग," म्हणाले.

आत लहान मुलांचे बुटके बाक. त्यांवर मोठी माणसं गुडघे आखडून बसलेली. फळ्यावर अर्धवट पुसलेलं गणित. समोर तात्याराव नावाचे एक म्हातारे गृहस्थ सभा चालवत होते.

"आज पहिल्यांदा कोण आलंय?"

बाबांनी हात वर केला.

तात्याराव त्यांच्याकडे बराच वेळ बघत राहिले. वर्गात कुणी हललं नाही. मग ते फार हळू म्हणाले, "नाव सांगा."

"बद्रीनाथ. मी दारुडा आहे."

टाळ्या वाजल्या. थांबेचनात. मागच्या बाकावर कुणीतरी नाक शिंकरलं. किती चांगली माणसं, अपेक्षाला वाटलं. ओळख ना पाळख, आणि डोळ्यांत पाणी.

सभा संपत आली तेव्हा एक दाढीवाला माणूस धापा टाकत आत आला. हातात चहाची किटली. बाबा दिसताच त्याने ती होती तिथेच ठेवली आणि त्यांना मिठी मारली.

"बद्रीभाई! कुठे होतात हो?"

"तुम्ही ओळखता बाबांना?" अपेक्षाने विचारलं.

"बेटा, या युसूफला फुटपाथवरून उचलून या बाकावर कुणी बसवलं? यांनीच. दहा वर्षं थेंबाला शिवले नव्हते. घरात ठाऊक नाही?"

नव्हतं ठाऊक. शनिवारी बाबा भजनाला जातात, असं आई तिला लहानपणापासून सांगत आली होती.

"युसूफ, बस कर," बाबा म्हणाले.

"पण मग झालं काय, भाई?"

"काही नाही रे. बायको गेली. तोल सुटला."

"असं कसं? शेवटचे आलात तेव्हा वहिनी होत्या की! पेढे आणले होतेत तुम्ही, मुलीला कॉम्प्युटर कंपनीत नोकरी लागली म्हणून. माझ्या पोरीसाठी, नाजिमासाठी वहिनींनी वेगळे बांधून दिले होते. मग पुढे आलाच नाहीत."

"विसरतोयस तू," बाबा म्हणाले. "बायको गेली म्हणूनच."

युसूफने तात्यारावांकडे पाहिलं. तात्यारावांनी नुसती मान हलवली. युसूफ किटली उचलून चहा ओतू लागला.

बाबा बाकावर कोरलेली कुणा पोराची अक्षरं बोटाने गिरवत बसले. अपेक्षाकडे त्यांनी पाहिलं नाही. तिने पेल्याला हातही लावला नाही.

पेढ्यांनंतरचा महिना तिला लख्ख आठवत होता. पहिला पगार. सिंहगड रस्त्यावरचं हॉटेल, हिरवळीवर मांडलेली टेबलं, झाडांत दिवे. आई म्हणाली होती, "नको गं, त्यांना सोसत नाही." तिने आईला हसून गप्प केलं होतं. आणि स्वतःच्या हाताने ग्लास भरून बाबांपुढे सरकवत म्हणाली होती, "घ्या ना बाबा. मुलगा असता, तर त्याच्याबरोबर घेतलीच असतीत ना?"