मण्यारणीचा उखाणा

भागूबाईनं रहेमतबीची हनुवटी धरली आणि तिच्या कपाळावर कुंकू टेकवलं.

“नक्को मावशी. सकाळीच गेले ना ते.”

“गप बस. जगलीस तर पुसून टाक.”

रहेमतबी गावची मण्यारीण. शेंद्र्यापासून मुकुंदवाडीपर्यंतच्या लेकीसुनांना हिनंच बांगड्या भरलेल्या. आज तिचेच हात बोडके होते. इंडियाची फौज औरंगाबादेत आली, निजामाचं राज्य गेलं आणि रझाकारांचा सूड घ्यायला टोळ्या सुटल्या. ज्यांनी जाळपोळ केली ते कधीच पसार झाले होते. सापडला कोण, तर बांगड्यांची पेटी घेऊन निघालेला हिचा नवरा, दस्तगीर. सकाळी वेशीतच मारून पाडला त्याला. ह्याला म्हणे सूड!

माहेरी गेलेल्या सुनेचं लुगडं भागूबाईनं तिला नेसवलं होतं. आता ती तिच्या हातात हिरव्या बांगड्या चढवत होती. सवय कुठली? दोन फुटल्या, मनगटातून रक्त आलं.

दारावर लाथ बसली. टोळी आत आली. पुढं काकासाहेब, परगावचा, हातात कुऱ्हाड.

“म्हातारे, मण्यारीण इकडं शिरली म्हणत्यात.”

“इथं मी, माझा पोरगा आन सून. दुसरं कोण नाय.”

“तुमचं खळं जाळलं ना रझाकारांनी? तरी त्यांना लपवता?”

“जाळलं. पर मण्यारणीनं नव्हतं जाळलं, दादा.”

म्हातारीची जीभ घसरली ती घसरलीच. काकासाहेबानं पदराआडच्या बाईला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

“सून व्हय? मग नाव घ्या की वहिनी नवऱ्याचं. उखाण्यात घ्या. आपल्या बाईला यायलाच पाहिजे.”

भागूबाईनं कुंकू, लुगडं, चुडा, सगळं केलं आणि हेच राहिलं. तिचा पोरगा बद्रीनाथ भिंतीला टेकून घामानं निथळत होता. कालपर्यंत तो हिला थोरली बहीण मानून आपा म्हणत होता.

रहेमतबीनं मान खाली घातली. बांगड्या भरताना नव्या सुना लाजत नाव घ्यायच्या आणि ही हसून पुन्हा घ्यायला लावायची. त्या सगळ्याजणींचं ऐकलेलं तिच्या ओठावर आलं.

“हातात हिरवा चुडा, दारात तुळशीची सावली,
बद्रीनाथरावांचं नाव घेते, सासू माझी माउली.”

टोळी खूश झाली. काकासाहेबानं कुऱ्हाड काखेत धरून हात जोडले. “अखंड सौभाग्यवती व्हा, वहिनी!” आणि मेला अगदी मनापासून म्हणाला.

ते बाहेर पडले. बद्रीनाथनं कडी लावली. रहेमतबीनं तोंडावरचा पदर मागं सारला.

“मावशी, आमच्यात बी मालकाचं नाव घेत नाहीत. जल्मात एकदा घेतलं, ते बी दुसऱ्याचं. त्यांचं राहूनच गेलं.”

तिला हंबरडा फुटत होता. पण टोळी अजून गल्लीतच होती. तिनं पदराचा बोळा तोंडात कोंबला.

भागूबाई जात्याशी बसली. रिकामं जातं ओढू नये, घराला बाधतं म्हणतात. तिनं दाणा न घालताच खुंटा धरला आणि घरघर ओढायला लागली.

“घे आता त्याचं नाव,” ती म्हणाली. “जोरात घे. बाहेर नाय जायचं ऐकू.”