न शिकवलेला शब्द

बायको घर सोडून गेली, त्या दिवसापासून वेल्डरने ‘आई’ हा शब्द घरात येऊच दिला नव्हता. रोज संध्याकाळी पाळणाघरातून लेकीला आणायचं, मांडीवर घ्यायचं आणि शिकवत बसायचं: पाणी, पंखा, चप्पल, बाबा. दीड वर्षाची पोर ‘पंका’ म्हणायला लागली, ‘बाबा’ काही म्हणेना. आणि काल घरी येताच तिने एकच घोशा लावला, “आई, आई!”

त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आज दारातच तो पाळणाघरातल्या ताईंवर कडाडला, “कुणी शिकवलं हिला हे? तो शब्द माझ्या घरात नकोय मला!”



“अहो दादा, इथे संध्याकाळी जो न्यायला येतो, त्याला सगळी पोरं ‘आई’च म्हणतात. ती तुम्हालाच हाक मारतेय.”